अनुभव धागा : वस्तीतली भटकी कुत्री-मांजरं, नेमकं काय करता आणि कुठे फसतं?

गरीब वस्त्यांमध्ये भटक्या जनावरांची नसबंदी, उपचार, लसीकरण असं काम करणाऱ्यांनी इथे आपापल्या टोपणनावाखाली लिहावं. प्राण्यांची आवड आहे हे गृहीत धरलंय, त्यामुळे ते सोडून क्रम, मापं आणि फसलेले प्रयोग येऊ द्या.

उंबरठा
पहिला आठवडा कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही, फक्त गणती. पहाटे एक फेरी, दिवेलागणीनंतर एक, असे सलग तीन दिवस. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो, नर की मादी, कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) आहे का, सड ओघळलेत का. आणि सगळ्यात कामाचा रकाना : याला खायला कोण घालतं? 'भटकं' म्हणून लिहिलेलं कुत्रं बरेचदा दोन-तीन घरांत मिळून वाढलेलं असतं. त्या घरांना न विचारता उचललंत, तर पुढच्या खेपेला कुणी दार उघडणार नाही. विचारलंत, तर तेच लोक हाक मारून कुत्रं आणून देतात आणि जाळं पिशवीतच राहतं. त्यांना 'दवाखान्यात घेऊन या' सांगू नका, दिवसाची मजुरी बुडते. कामावर निघायच्या आधी जनावर ताब्यात घ्या, शुद्धीवर आलं की ते घरी असतील त्या वेळेला परत द्या.

गोगलगाय
मांजरांबद्दल. पिंजरा आधी ३-४ दिवस दार बांधून उघडाच ठेवा आणि खाणं त्यातच द्या. पकडण्याच्या आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद, पाणी चालू. हे आसपासच्या प्रत्येक घरी सांगावं लागतं, एका घरची वाटी सगळं मुसळ केरात घालते. उग्र वासाचा मासा पायपट्टीच्या (पिंजऱ्यातली पट्टी, पाय पडला की दार पडतं) पार पलीकडे ठेवायचा. अलीकडे ठेवला तर मांजर मान लांबवून खातं आणि मागच्या मागे निघून जातं. दार पडलं की लगेच जाड चादर टाका. उजेडात ते जाळीवर नाक घासून रक्त काढतं, अंधारात गप्प बसतं.

पकडलेल्या मादीचे सड ओढलेले, भोवतीचे केस झडलेले दिसले तर पिल्लं जवळपास आहेत असं समजा. आधी पिल्लांचा शोध, मग पुढचा निर्णय. पण 'नंतर बघू' फार लांबवू नका : मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते, सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येते.

पाऊलवाट
वरच्यात भर. दहा वस्त्यांत पाच-पाच माद्यांची नसबंदी केली की काम केल्याचं समाधान मिळतं, संख्या मात्र हलत नाही. एक वस्ती धरा, तिथल्या बहुतेक माद्यांची नसबंदी पूर्ण करा, मग दुसरी. आणि भुलीखाली असतानाच कानाची खूण करून घ्या, नाहीतर तीच मादी वर्षभराने पुन्हा टेबलावर.

सुईदोरा
खरूज. कानाच्या कडा, कोपरं आणि पोट आधी उघडं पडतं. कानाची पाळी चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला उठतो. तरी औषधाआधी कातडीची खरवड (खरवडून काढलेला नमुना) तपासून घ्यावी, कारण बुरशी आणि दुसऱ्या जातीच्या किडीनेही केस असेच जातात आणि त्यांचे उपचार वेगळे.

आयव्हरमेक्टिनचा (खरजेच्या किडीवरचं औषध) गोंधळ नेहमी मापात होतो. गुरांचं १ टक्का इंजेक्शन म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. डॉक्टरने किलोमागे ०.२ मिलिग्रॅम सांगितलं, तर १० किलोच्या कुत्र्याला २ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.२ मिली. टिंब घसरलं की २ मिली, दहापट! १ मिलीचीच सिरिंज वापरा आणि अंदाजाने नाही, वजन करून द्या. कोली या विलायती मेंढपाळ कुत्र्याच्या जातीचा अंश दिसत असेल तर हे औषध नको. मांजरांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा : कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं गोचीड-औषध आणि पॅरासिटामॉल. दोन्हींनी मांजर मरतं.

कुत्रं ज्या पोत्यावर झोपतं ते त्याच दिवशी बदला. ही कीड माणसाच्या अंगालाही खाज आणते, आणि मग वस्तीचा राग कुत्र्यावर निघतो.

टाका
जखमेत किडे पडले असतील तर आधी भोवतीचे केस कापा, नाहीतर निम्मी भोकं दिसतच नाहीत. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून धुवा, किडे चिमट्याने काढा. एकदा साफ झाली म्हणून सोडू नका, खोलवरचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतात. टर्पेंटाइन ओतण्याची सवय सोडा, त्याने जिवंत मांस भाजतं. मांजराला तर मुळीच नको.

उंबरठा
पिल्लांचं राहिलं. वेगवेगळ्या वेतांची पिल्लं 'सोबत होईल' म्हणून एका खोक्यात घालणं म्हणजे पार्व्होला (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) आमंत्रण. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. जागा आधी घासून घाण काढा, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात, आणि १० मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवरच ओतलं तर ब्लीच निकामी होतं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. पाजताना पोटावर ठेवा. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

शीतपेटी
रेबीजची लस २ ते ८ अंशांत हवी. बाटली थेट बर्फाला टेकली की गोठते, दिसायला तशीच राहते आणि कामातून जाते. मध्ये पुठ्ठा घाला, थर्मामीटर ठेवा. वस्तीतली निदान ७० टक्के कुत्री एका मोहिमेत व्हायला हवीत, आणि दरवर्षी, कारण रस्त्यावरची पिढी लवकर बदलते. टोचलेल्याला कागदी पट्टा बांधा, तो आपोआप गळून पडतो. नायलॉनचा वाढत्या पिल्लाच्या मानेत रुततो. चमूतल्या कुणाला चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं, घड्याळ लावून. मग थेट दवाखाना. म्हणून पेटीत लसीइतकाच साबण आणि पाण्याचा कॅन लागतो, आणि तोच बहुतेक वेळा विसरलेला असतो.