इंग्रजी नाव ‘इमोजेन’ - उच्चार, अर्थ आणि देवनागरीत कसं लिहायचं? मदत हवी आहे (थोडं अर्जंट)

नमस्कार मंडळी,

खूप दिवसांनी धागा काढतेय. माझी लेक इंग्लंडमध्ये असते, जावई तिथलाच, आणि देवाच्या कृपेने ऑगस्टअखेर मी आजी होणार आहे. तिकडे मुलगा की मुलगी ते आधी सांगतात, त्यामुळे मुलगी आहे हे कळलंय आणि दोघांनी नावही ठरवून टाकलंय. परवा व्हिडिओ कॉलवर लेकीने सांगितलं, मला नीट कळेना म्हणून तीनदा विचारलं, शेवटी तिने चॅटमध्ये टाईप करून पाठवलं - आय एम ओ जी ई एन.

नावाला माझा विरोध नाहीये हे आधीच सांगते. मूल त्यांचं, नाव त्यांनीच ठेवायचं, आणि लेक इतक्या आनंदात सांगत होती की मला ते ऐकतानाच आवडून गेलं. पण मला ते नीट समजून घ्यायचंय, कारण आता आयुष्यभर मी तिला त्याच नावाने हाक मारणार. जावयाला विचारलं तर म्हणाला की शेक्सपिअरच्या नाटकातलं आहे, त्याच्या आजीचं आवडतं नाव, बस एवढंच.

आता अर्जंट का ते सांगते. माझी आई, वय ८४, सांगलीला असते, ती पणतीसाठी गोधडी शिवतेय. तिच्या दोन जुन्या नऊवारी आणि माझ्या लेकीचा शाळेतला एक फ्रॉक असं सगळं घालून, हातानेच, धावदोरा. चष्मा लावून रोज दुपारी तासभर बसते. गोधडी होत आलीये आणि आता तिला कोपऱ्यात पणतीचं नाव दोऱ्याने भरायचंय, मराठीतच. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने तीन प्रकारे लिहून ठेवलंय, इमोजेन, इमोजीन आणि इमजन, आणि मला रोज फोन करून विचारते की यातलं खरं कुठलं. एकदा टाके घातले की उसवायला नको म्हणते, कापड जुनं आहे, विरतं.

तर प्रश्न असे की १) उच्चार नक्की काय, आपला कुठला ज? २) अर्थ काय, की शेक्सपिअरने असंच ठेवलेलं नाव आहे? ३) तिकडे हे चालतं का, म्हणजे शाळेत दरवेळी पोरीला स्पेलिंग सांगत बसावं लागेल का, आणि ४) त्या नाटकात तिचं होतं काय? चौथा प्रश्न आईचा आहे, ती म्हणते ज्या बाईचं नाव ठेवायचं तिची गोष्ट माहीत पाहिजे, आणि मला ते पटतं.

मी सप्टेंबरमध्ये जाणार आहे, गोधडी सोबत न्यायचीये. जाणकारांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १

अभिनंदन होणाऱ्या आजी! मी इंग्लंडमध्ये १९ वर्षं आहे, प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे १ आणि ३ ची उत्तरं मी देऊ शकते.

उच्चारात सगळा जोर पहिल्या ‘इ’ वर, मधला ओ अगदी उडता, आणि शेवट ‘जन’, ‘जेन’ नाही. ज म्हणजे ‘जन्म’ मधला, ‘जाड’ मधला नाही. स्वजन म्हणतो ना, तसाच शेवट. त्यामुळे आईंना सांगा की ‘इमोजन’ लिहा. इमजन लिहिलं तर आपण इम्-जन असं तोडून वाचू आणि मधला उडता स्वर जाईल. ‘इमोजीन’ हे वेगळं, ते अमेरिकन रूप, स्पेलिंगमध्ये शेवटी एक ई जास्त असतो. शंभर वर्षांमागे तिकडे ते बऱ्यापैकी चालायचं, टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातली कॉमेडीयन इमोजीन कोका (जन्म १९०८) त्याच पिढीतली.

चालतं का विचाराल तर इथे इंग्लंडमध्ये हो. सरकारी आकडेवारी दरवर्षी निघते त्यात मुलींच्या पहिल्या शंभर नावांत हे नाव बरीच वर्षं होतं, ऑस्ट्रेलियातही आवडीचं. पण ऑलिव्हिया किंवा अमेलियासारखं पावलोपावली भेटत नाही. माझ्या इतक्या वर्षांत वर्गात चार इमोजन येऊन गेल्या, एकाच वर्षी दोन कधीच नव्हत्या. स्पेलिंग कुणी विचारलं नाही. घरी बहुतेकींना इमी म्हणतात, ते तर पणजीबाईंनाही सहज जमेल. गायिका इमोजन हीप, नट्या इमोजन पूट्स आणि इमोजन स्टब्स, यांच्यामुळे नाव कानावर असतं लोकांच्या.

आणि एक सांगावंसं वाटतं. गुस्ताव होल्स्ट नावाचे मोठे इंग्रज संगीतकार होते, ते संस्कृत शिकले होते, ऋग्वेदातल्या सूक्तांना त्यांनी चाली लावल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. त्यांना १९०७ मध्ये एकुलती एक मुलगी झाली, तिचं नाव इमोजन. तीही पुढे संगीतकार झाली आणि १९५०-५१ च्या हिवाळ्यात आपलं संगीत ऐकायला शिकायला शांतिनिकेतनात येऊन राहिली होती. ज्या घरात सावित्री लिहिली गेली त्याच घरातली ही इमोजन, तेव्हा तुमच्या घरात हे नाव अजिबात परकं नाही.

प्रतिसाद २

अर्थाचं आणि नाटकाचं मी सांगतो, माझा एमएचा विषयच शेक्सपिअर होता आणि हे नाटक माझं फार लाडकं आहे.

नाटक सिंबेलीन. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, हे नाव बहुतेक छापखान्यातल्या चुकीतून जन्मलंय. मूळ नाव इनोजन, दोन एन. इंग्लंडच्या जुन्या बखरींत ब्रूट नावाचा पहिला राजा येतो त्याच्या बायकोचं हे नाव. १६११ मध्ये सायमन फोरमन नावाच्या एका ज्योतिषी-वैद्याने हे नाटक प्रत्यक्ष पाहून टिपण लिहून ठेवलं, त्यात तो इनोजनच लिहितो. शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये, नाटक छापून आलं १६२३ मध्ये आणि तिथे झालं इमोजन. त्या काळच्या लपेटी अक्षरात दोन एन म्हणजे चार उभे दांडे, एम म्हणजे तीन, कुणाची तरी नजर चुकली. मोडी वाचलेल्या माणसाला हे लगेच पटेल. शिवाय शेक्सपिअरच्याच १६०० मध्ये छापलेल्या एका नाटकात लिओनाटो नावाच्या पात्राची बायको म्हणून इनोजन हे नाव रंगसूचनेत येतं (तिला एकही वाक्य नाहीये!) आणि सिंबेलीनमध्ये हिच्या नवऱ्याचं नाव पोस्थ्युमस लिओनाटस, म्हणजे ही जोडी त्याच्या डोक्यात आधीपासून होती. १९८६ च्या ऑक्सफर्डच्या आवृत्तीत तर संपादकांनी सरळ इनोजन छापलं. पण तोवर इमोजन नावाच्या पोरी पिढ्यानपिढ्या नांदत होत्या, अमेरिकन फोटोग्राफर इमोजन कनिंगहॅमचं (जन्म १८८३) नाव वडिलांनी या नाटकावरूनच ठेवलं होतं. अर्थ म्हणाल तर मूळ शब्द बहुधा गेलिक भाषेतला, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडचा, मुलगी किंवा कन्या असाच.

आता आईंचा प्रश्न. इमोजन राजाची मुलगी, बापाच्या मनाविरुद्ध तिने आवडत्या माणसाशी लग्न केलं. राजाने जावयाला हद्दपार केलं. तिकडे परदेशात नवरा एका भामट्याशी तिच्या निष्ठेवर पैज लावतो, भामटा पेटाऱ्यात लपून तिच्या शेजघरात शिरतो, ती झोपेत असताना हातातलं कडं काढून घेतो, अंगावरचा तीळ बघून ठेवतो आणि नवऱ्याला जाऊन खोटं सांगतो. नवरा नोकराला तिला मारायला सांगतो, नोकराला ते करवत नाही. मग ती पुरुषवेष घालून एकटी रानावनातून चालत निघते. शेवटी सगळं उघड होतं, नवरा पस्तावतो, लहानपणी पळवून नेलेले भाऊही सापडतात. अख्ख्या नाटकात सगळे पुरुष कुठे ना कुठे चुकतात, ही एकटी सरळ राहते. आईंना सांगा की नाव चांगल्या बाईचं आहे.

आणि हे वाचून तुम्हाला बरं वाटेल, ही गोष्ट मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच आलीये. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी १८७९ मध्ये सिंबेलीनवरून नाटक लिहिलं. त्याचा बडोद्यातला प्रयोग पाहून एका इंग्रज प्राध्यापकाने १८८० मध्ये लंडनच्या मॅकमिलन्स मॅगझिनमध्ये त्यावर लेखसुद्धा लिहिला होता. महाजनींनी इमोजनचं मराठी नाव ठेवलं तारा, आणि नाटकाचंही नाव तेच, तारा.

धागाकर्ती

दोघांचे किती आभार मानू. मी दोन्ही प्रतिसाद आईला फोनवर सावकाश वाचून दाखवले. पेटाऱ्याच्या भागाला ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, “आपल्या सीतामाईसारखंच की गं.” दोन एन आणि एमचं तिला दोनदा समजावून सांगितलं, तिचे वडील मोडी लिहायचे त्यामुळे तिला ते पटकन कळलं, म्हणाली की अक्षर चुकलं म्हणून माणूस चुकत नाही.

मग रात्री लेकीला कॉल लावला. तारा हे मधलं नाव म्हणून चालेल का असं भीतभीतच विचारलं, मला त्यांच्या निर्णयात ढवळाढवळ करायची नव्हती. तिने जावयाला विचारलं, त्याने दोनदा म्हणून पाहिलं, इमोजन तारा, इमोजन तारा, आणि त्याला ते सहज म्हणता आलं. महाजनींच्या नाटकाचं सांगितलं तर तो खुर्चीतून उठून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, म्हणाला हे माझ्या आजीला लगेच कळवतो.

आईने कॅलेंडरवरच्या ‘जे’ ची मात्रा खोडरबराने पुसलीये. एका कोपऱ्यात इमोजन, समोरच्या कोपऱ्यात तारा, दोरा लाल घेतलाय कारण तिची एक नऊवारी हिरवी होती, त्यावर उठून दिसतो. आज दुपारपर्यंत ‘इ’ भरून झालाय.