कंबरेएवढा भुसभुशीत बर्फ आणि बंद पडलेली लिफ्ट: गुलमर्ग आणि तसल्याच निवांत गावांचे अनुभव

सायली_डों

सकाळी डबे भरत होते तेवढ्यात गुलमर्गच्या गेस्टहाऊसवाल्या भाईजानचा व्हिडिओ आला. रात्रभर पडतंय, अंगणातली गाडी म्हणजे नुसता पांढरा उंचवटा, आणि मागून त्यांचा आवाज, "मॅडम, कब आ रहे हो?" पोळी करपली. लेकाने तीच नेली डब्यात, बोलला नाही काही.

तर धागा काढतेय. आपल्याकडची बरीच मंडळी श्रीनगरहून सकाळी निघतात, तनमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घेतात, गोंडोलात (डोंगरावर नेणारा रोपवे, तीच तिथली लिफ्ट) बसतात, फोटो काढतात आणि उजेड आहे तोवर खाली. त्यात वाईट काही नाही. पण शेवटची टॅक्सी उतरून गेली की मागे जे गुलमर्ग उरतं ते वेगळंच. लष्कराची माणसं, थोडे रशियन-युरोपियन स्कीवाले, कुत्री, माकडं आणि बुखारीपाशी (लाकडाची शेगडी) बसलेले आपण. एवढंच गाव.

नवीन लोकांसाठी: गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला 1998 चा, गावातून (सुमारे 2650 मीटर) कोंगडोरीपर्यंत. दुसरा 2005 चा, थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3950 मीटर. वर युरोपसारखे दाबून गुळगुळीत केलेले उतार जवळपास नाहीतच. डोंगर आहे, पडलेला बर्फ आहे, तुम्ही तुमचं बघा. जोरदार बर्फ झाला की दुसरा टप्पा बंद. स्की पेट्रोलवाले (उतारांवर गस्त घालणारे) वर जाऊन तपासतात, धोका वाटला तर सुरुंग लावून बर्फ खाली पाडतात आणि मगच सोडतात. तोवर अख्खं गाव चहा पितं. "सेकंड फेज खुला क्या?" हाच तिथला नमस्कार.

मी शिकले गोल्फ कोर्सच्या उतारावर, पोराटोरांच्या बरोबरीने. ताजा बर्फ पडल्यावर इन्स्ट्रक्टर मला कोंगडोरीला घेऊन गेला. खाली पाहिलं तर स्वतःच्या स्कीच दिसेनात! पडले. उठायला हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत, तळ लागेचना. मी तशीच आडवी, हसू आवरेना, आणि हसले की नाकातोंडात बर्फ. मग त्याने माझ्या दोन्ही काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या ठेवल्या, म्हणाला, "इसपे जोर दो." तेवढ्या फुलीवर भार देऊन उठले. इतकं साधं!

तर राहिलेल्यांनी लिहा. गुलमर्गच पाहिजे असं नाही. आणि लिफ्ट बंद असताना काय केलंत तेही लिहा, मला तेच जास्त आठवतंय.

कोकमसरबत

आडवं पडून हसणं, अगदी अगदी!! माझी तर एक स्कीच गायब झाली. पडल्यावर पायातून सुटते ना, ती बर्फाखालून निघाली कुठेतरी. मी आणि नवरा खालच्या बाजूला उकरतोय, उकरतोय. गाईड शांतपणे वर चढला आणि जिथे पडले होते त्याच्याही थोडं वर काठी टोचत बसला. ठक्क! म्हणे आपण घसरत खाली येतो, स्की तिथेच राहते. तोवर नवऱ्याने "सोडून दे, भरून देऊ पैसे" इथपर्यंत मजल मारली होती.

बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

पेठेतला_सदू

बर्फ म्हटला की आम्हाला मस्तानी. इथेच थांबतो.

सायली_डों

@पेठेतला_सदू तरी धागा उघडलास ना 😄

पेठेतला_सदू

गेलोय हो. टूरबरोबर. स्लेजवाल्याशी घासाघीस करण्यात एक तास गेला, स्लेजवर पाच मिनिटं. वर तो मला ओढत असताना मलाच लाज वाटायला लागली, माझं वजन तुम्हाला माहीत नाही. शेवटी उतरलो आणि बरोबर चालत गेलो, पैसे पूर्ण दिले. बायको अजून ऐकवते.

डोंगरवेडा

रंगाचा बेरंग करतो, पण हे लिहायलाच हवं.

गुलमर्गला इतका बर्फ का, तर हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ (पाऊस-बर्फ आणणारी वादळी हवा) पीर पंजालच्या डोंगररांगेवर आदळतात आणि ओलावा तिथेच टाकतात. त्यात उंची भरपूर, थंडी कोरडी, त्यामुळे कण सुटे राहतात; मुठीत धरला तर तांदळाच्या पिठीसारखा निसटतो, गोळा होत नाही. स्कीवाले जगभरातून येतात ते ह्याच्यासाठी. पण हाच बर्फ जुन्या कडक थरावर एकदम येऊन बसला की अख्खा थरच सुटतो. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोघे गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या वर खिलनमर्गकडे एक रशियन गेला.

स्की पेट्रोलने खुला केलेला भाग वेगळा आणि त्यांच्या दोरीपलीकडचा वेगळा. दुसऱ्याचे ट्रॅक दिसले म्हणजे जागा सुरक्षित असं अजिबात नाही. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी), फावडं तिन्ही प्रत्येकाकडे पाहिजे, आणि ती वापरता आली पाहिजेत. गाईडकडे आहेत म्हणून माझ्याकडे नसली तरी चालतील, हे तर्कट मी कितीदा ऐकलंय. अरे, गाईडच गाडला गेला तर त्याला काढणार कोण?

एवढं सांगून झालं. आता मजेचं. वरून निघून जंगलातून खालच्या बाबारेशी गावापर्यंत उतरलोय, खाली जीप उभी. आधी भूर्जाची झाडं, मग देवदार आणि फर. झाडांमधला बर्फ वाऱ्याने खराब होत नाही, म्हणून बऱ्याच उशिरापर्यंत तिथे मऊ मिळतो. आभाळ मोकळं असलेल्या दिवशी वरून नंगा पर्बत दिसतो, दिसतो म्हणजे काय, समोरच असतो.

नुसताच_वाचक

तिकडे प्रीपेड सिम चालतं का आता?

कोकमसरबत

@नुसताच_वाचक बाहेरचं प्रीपेड नाही चालत. पोस्टपेड करून जा.

मेजरची_लेक

बाबांचं पोस्टिंग होतं तिथे. हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गलाच आहे, 1948 मध्ये स्की स्कूल म्हणून सुरू झालेलं. त्याच्याही आधीपासून, 1927 पासून, तिथे इंग्रज अधिकाऱ्यांचा स्की क्लब होता.

मी लहान होते, माझी आठवण बर्फाची कमी आणि आईच्या चिडचिडीची जास्त. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. कुकरच्या शिट्यांवर शिट्या. होळीला तिने हट्टाने पुरण घातलं, डाळ आदल्या रात्रीपासून भिजवलेली, तरी कणी राहिलीच. बाहेर होळी पेटवली ती दोन्हीकडे बर्फाच्या भिंती आणि मध्ये फावड्याने काढलेली वाट, तिथे. जवानांपैकी एक साताऱ्याचा होता, तो बोंब मारायला लागल्यावर बाकी रेजिमेंटची मुलं बघतच राहिली. कटाची आमटी मात्र फक्कड झाली होती.

2010 च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला हिमस्खलनात त्याच स्कूलचे 17 जवान गेले. बाबा तेव्हा रिटायर्ड होते. दिवसभर टीव्हीसमोर, जेवले नाहीत. डोंगरवेडा म्हणतायत ते कृपा करून वाचा.

डोंगरवेडा

🙏

सॉल्टलेकची_सून

आमच्याकडे अमेरिकेत युटामध्ये आल्टा. छोटं, जुनाट, दिखावा शून्य. पूर्वी चांदीच्या खाणींचं गाव, पहिली स्की लिफ्ट 1939 ची. स्नोबोर्ड अजूनही चालत नाही, फक्त स्की. माझा भाचा स्नोबोर्डवाला, त्याला घेऊन गेलो तर तोंड एवढंसं झालं. वर्षाला सरासरी 500 इंचांहून जास्त बर्फ पडतो.

सायली, तू लिफ्ट बंदचं विचारलंस. आमच्याकडे नुसती लिफ्ट नाही, माणसंच बंद करतात 😀 त्याला 'इंटरलॉज' म्हणतात. वरच्या उतारांवरून हिमस्खलनाची भीती असली की इमारतीबाहेर पाऊल टाकायला कायद्याने बंदी. दाराबाहेर सुद्धा नाही. खाली शहराकडे जाणारा घाटरस्ता बंद. मग वरचा बर्फ मुद्दाम पाडतात, त्यासाठी वर्षानुवर्षं लष्कराच्या तोफा वापरल्या जायच्या. खोलीत बसलेलं असताना धाडकन आवाज, खिडक्या थरथरतात, आणि लॉबीतली म्हातारी माणसं विणकामातून मान वर करत नाहीत!

आम्ही अडकलो तेव्हा माझ्याकडे बेसनाच्या लाडवांचा डबा होता, दिवाळीचे नाही, सासूबाई आल्या होत्या म्हणून. लॉबीत फिरवला. एक आजोबा रेसिपी लिहून घेत होते, "रोस्ट करायचं, पण किती?" मी म्हटलं वास येईपर्यंत. त्यांनी ते तसंच लिहिलं.

रस्ता खुला झाला की सगळे पळतात ते गाडीकडे नाही, लिफ्टकडे. कारण खालून कोणी येईपर्यंत तो ताजा बर्फ फक्त अडकलेल्यांचा.

अवंती

वास येईपर्यंत 😂😂 बरोबरच आहे की. तूप किती घालतेस? माझे बसतात.

सॉल्टलेकची_सून

@अवंती बसतात म्हणजे तूप जास्त किंवा बेसन कच्चं. विपूत (खाजगी निरोपात) ये, सांगते.

बिनसाखरेचा

मी जानेवारी 2024 मध्ये गेलो होतो. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. चिल्लई कलान ऐन भरात (21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस, काश्मीरची सगळ्यात कडक थंडी) आणि गुलमर्गमध्ये वाळकं तपकिरी गवत. घोडेवाले, स्लेजवाले, स्की भाड्याने देणारे, सगळे दुकानाबाहेर उन्हात बसलेले. लेकीला बर्फ दाखवायला नेलं होतं, तिने दगडांवर घसरगुंडी केली.

पण खरं सांगू, त्या सहलीत जितक्या गप्पा झाल्या तितक्या बर्फ असता तर झाल्या नसत्या. स्कीच्या दुकानदाराने लेकीला बसवून स्कीची कड घासायला शिकवली, मेण कसं लावायचं ते दाखवलं. इस्त्रीने मेण वितळवून थेंब थेंब पाडायचं, पसरायचं, गार झालं की खरवडायचं. आरिफ खानबद्दल अभिमानाने बोलत होता. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू, तो तनमर्गजवळचाच. त्याच्या वडिलांचंही गुलमर्गला स्कीचंच दुकान. मग म्हणाला, बर्फ नाही पडला तर उन्हाळ्यात पाणी पण नाही, आमचं सोडा साहेब, शेतीचं काय.

आम्ही निघालो आणि महिनाअखेरीला पडायला लागला. असो.

कोकमसरबत

@बिनसाखरेचा अरेरे. लेकीला परत न्या.

बिनसाखरेचा

न्यायचंय हो. पण पहलगामच्या हल्ल्यानंतर घरचे नको म्हणतात. मला स्वतःलाही नक्की काय वाटतं ते कळत नाही. दुकानदाराचा ईदला मेसेज आला होता.

मेजरची_लेक

समजू शकते. घाई करू नका.

होक्काइडोकर

उशिरा पाहिला धागा. जपानमध्ये निसेको सगळ्यांना माहीत आहे, तिथे आता इतकी गर्दी की विचारू नका. मला आवडलं ते आसाहिदाके. होक्काइडोचा सर्वांत उंच डोंगर, 2291 मीटर. एक रोपवे, पायथ्याशी मोजकी हॉटेलं, संपलं. सैबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतो आणि इथे आणून ओततो. वर जागृत ज्वालामुखी, बर्फातून वाफा निघताना दिसतात.

वारा सुटला की रोपवे बंद. मग ऑनसेन, म्हणजे गरम पाण्याचे कुंड. तिथे अंगावर सूतही नसतं, आणि बरोबर माझे साहेब होते. एक छोटा टॉवेल देतात, तो पाण्यात बुडवायचा नाही म्हणून डोक्यावर ठेवतात. साहेब डोक्यावर टॉवेल ठेवून पुढच्या तिमाहीचं बोलायला लागले. बाहेर बर्फ पडतोय, मी आकाशाकडे बघून "हाय, हाय" करतोय (जपानीत हो हो). त्यानंतर कुठल्याही मीटिंगची भीती वाटलेली नाही.

शाकाहारींनी मात्र तयारीने जा. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही मासा असतोच.

पेठेतला_सदू

टॉवेल डोक्यावर 🤣 आमच्या साहेबांना दाखवतो हे.

डोंगरवेडा

उत्तराखंडातल्या औलीबद्दल कोणी लिहिलं नाही. नंदादेवी समोर ठेवून शिकायला उत्तम जागा होती, उतार सौम्य. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठ खचायला लागलं तेव्हा खालून येणारा रोपवे बंद झाला. त्या गावातल्या ज्या घरात आम्ही राहायचो त्याच्या भिंतीला तडे गेल्याचे फोटो आले होते. जास्त लिहवत नाही.

अवंती

एक प्रश्न. मला स्की वगैरे येत नाही, गुडघे बरे नाहीत. नुसतं राहायला गेलं तर चालतं का गुलमर्गला? बर्फात चालता येतं?

सायली_डों

@अवंती मस्त चालतं. खोलीत बुखारी आणि गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का ते आधी विचार. लाइट जाते, नळ गोठतात, बादलीने गरम पाणी येतं, त्याची तयारी ठेव. चालायला तळाला दाते असलेले बूट घे, गमबूट घसरतात. सेंट मेरी चर्चपर्यंत हळूहळू जाऊन यायचं. आणि एखादी सकाळ श्रीनगरला काढून हरीसा खा, तो हिवाळ्यातच मिळतो.

अवंती

हरीसा म्हणजे? व्हेज असतो का गं?

सायली_डों

नाही गं, मटण. रात्रभर घोटलेलं.

अवंती

मग यांना पाठवते सकाळी एकट्यांना. मी कहवा पिईन. बुखारीत लाकूड आपण घालायचं की ते येऊन घालतात?

कोकमसरबत

ते येऊन पेटवून देतात, नंतर आपणच घालायचं. नवऱ्याला दे ते काम, आमच्याकडे त्यानेच धूर करून सगळ्यांना बाहेर काढलं होतं.