माकडतापाची नवी लस आली तर घेणार का?

काजूवाला दोडामार्ग: माकडताप म्हणजे गोचिडी चावून माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूचा ताप. त्याची जुनी लस 2022 ला बंद केली. आता आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही लस कंपनी मिळून नवी बनवतायत, आणि आमच्या वाडीत आत्तापासूनच "आपण नाय घेणार" सुरू झालंय. मला त्यांना अडाणी म्हणवत नाही. 2016 ला आमच्या तालुक्यातल्या केर गावात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली, आणि नंतर लस आली तेव्हा आम्ही ऐन हंगामात बाग सोडून रांगेत उभे होतो. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग पुढे दरवर्षी एक, हे पहिल्या दिवशी आम्हाला कोणी धड सांगितलं नाही. वर दंड असा ठणकायचा की दुसऱ्या दिवशी काजू पाडायला हात वर जात नव्हता.

लॅबवाली_सावंतवाडी: दादा, दुखणं वेगळं आणि धोका वेगळा. त्या लशीत फॉर्मेलिनने मारलेला विषाणू होता, त्याने माकडताप होऊच शकत नाही. ती बंद झाली ती नीट काम करत नव्हती म्हणून. कर्नाटकातल्या 2005 ते 2010 च्या आकड्यांत दोन डोसनी जेमतेम 62 टक्के बचाव दिसला होता, बूस्टर धरून 83 च्या आसपास.

वायंगणकार: ह्या 62 टक्के आमका तेवा कोणी सांगल्यान? माझ्या शेजाऱ्यान दोन डोस घेतल्यान, तरी ताप इलोच. आता नव्या लशीचो पयलो प्रयोग आमच्यावर करतले, आमी काय उंदीर?

लॅबवाली_सावंतवाडी: पहिली चाचणी थोड्या निरोगी माणसांवर, तीही त्यांच्या सहीने होते, वाडीत येऊन कोणी टोचत नाही हो. शेजाऱ्यांचे फक्त दोनच डोस झाले ना? बूस्टर?

वायंगणकार: बूस्टराक कोण जाता, काजी गळत होते.

मुंबईकर चाकरमानी: कोविडच्या लशीचं काय झालं विसरलात? 2024 ला आपल्या कोविशील्डची मूळ कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेकाने स्वतः इंग्लंडच्या कोर्टात रक्ताच्या गाठी होऊ शकतात म्हणून कबूल केलं.

लॅबवाली_सावंतवाडी: "अगदी क्वचित" हा शब्द तुम्ही सोयीने गाळलात. आणि युरोपात तो दुष्परिणाम 2021 लाच जाहीर झाला होता, लपवलेलं काही नव्हतं.

मुंबईकर चाकरमानी: युरोपात जाहीर झालं असेल, आमच्या सेंटरवर टोचताना कोण बोललं? अर्धा तास बसा म्हणाले, बस.

काजूवाला दोडामार्ग: ह्यावर मी चाकरमान्यांच्या बाजूने, पण फक्त एवढ्यावरच, कारण तुम्ही गणपतीला आणि मे महिन्यात येणार, गोचिडी चावतात त्या डिसेंबरपासून रानात पातेरा, म्हणजे सुकी पानं, गोळा करणाऱ्या आमच्या बायकांना. शंभर आजारी पडले तर तीन ते पाच दगावतात, आणि ह्या तापावर खास असं औषध नाही. म्हणून मी नवी लस घेणार. पण आधी मालवणीत छापलेला कागद हातात पाहिजे, किती जणांवर तपासली, किती जणांना त्रास झाला, किती डोस, सगळं.

वायंगणकार: कागद दितले आनि पुढच्या वर्षी पुना बंद करतले. तू घे आधी, मगे बघतंय.

लॅबवाली_सावंतवाडी: तोवर गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल तरी लावता का?

वायंगणकार: वास येता त्येचो. बाटली पडवीत हा.