कयाकवरून कोहो सॅल्मन: डाउनरिगर नसताना खोली आणि वेग कसा धरायचा?

वर्धारोडकर

राजेहो, सप्टेंबर 2026 मध्ये तीन आठवडे अमेरिकेत सिएटलला जाणार आहे. तिथल्या प्युजेट साउंड या खाडीत, किनाऱ्याच्या आडोशानं, कयाकवरून कोहो जातीच्या सॅल्मनसाठी ट्रोलिंग (चालत्या कयाकमागे आमिष ओढत मासेमारी) करायचं आहे. कयाक तिथंच भाड्यानं घेईन: 12 फुटी, सिट-ऑन-टॉप, पेडलवाली. सरावाला इथं नागपूरजवळ खिंडसी तलाव आहे आणि पावसाळ्यापर्यंत वेळ आहे.

ठरवलेली मांडणी अशी: 8 फुटी रॉड, लेव्हल-वाइंड रीळ (दोर सारखा पसरून गुंडाळणारं), 30 पौंडी ब्रेडेड दोर. दोराला 6 औंसाचं शिसं, त्याच्या मागे 6 फुटांवर 11 इंची फ्लॅशर (फिरून चमकणारी पट्टी), मग 3 फुटी लीडर (आमिषाकडचा दोर) आणि शेवटी हूची (माकूळासारखं रबरी आमिष). रिळाला दोर मोजणारा काउंटर नाही. डाउनरिगर (जड वजनानं आमिष ठरलेल्या खोलीवर धरणारं यंत्र) लावायचा नाही.

डाउनरिगर नसेल तर आमिष किती खोल चाललंय हे कसं ओळखायचं? वेग किती ठेवायचा, आणि घड्याळातल्या जीपीएसवर विसंबावं का? आणि तिथल्या थंड पाण्याची तयारी नागपुरात काही होऊ शकते का?

खोलपाणी

भाऊ, दोराचा कोन वाचायला शीक, खोलीचा प्रश्न तिथंच निम्मा सुटतो. दोर पाण्यात शिरतो त्या जागी तो उभ्या रेषेपासून किती कललाय ते बघ. समज 30 मीटर दोर बाहेर आहे. 30 अंश कलला असेल तर शिसं सुमारे 26 मीटरवर, 45 अंशांना 21 वर, 60 अंशांना फक्त 15 वर. हा दोर सरळ धरून केलेला हिशोब. प्रत्यक्षात पाण्याच्या ओढीमुळे दोर पृष्ठभागाजवळ जास्त आडवा आणि शिशाजवळ जास्त उभा असतो, म्हणून शिसं या आकड्यांपेक्षा थोडं खालीच असतं. डोळ्यांनी 45 आणि 60 मधला फरक ओळखता आला तरी पुरे.

काउंटर नसेल तर लेव्हल-वाइंडवर मोजता येतं. घरी अंगणात दोर सोड आणि दोर वाटून देणारा दांडा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत किती दोर सुटतो ते टेपनं मोज. पुढे पाण्यावर फक्त फेऱ्या मोजायच्या. स्पूल रिकामा होत जातो तसा दर फेरीला थोडा कमी दोर सुटतो, म्हणून भरलेल्या आणि अर्ध्या स्पूलवर वेगवेगळं मोजून ठेव. काही रिळांत दोर मोकळा सोडताना हा दांडा हलतच नाही. तुझं तसं असेल तर दर 5 मीटरवर पक्क्या मार्करनं खूण कर, 10 मीटरला दोन खुणा.

आणि हिशोब तपासायची खरी पद्धत म्हणजे तळ. फिशफाइंडरवर (खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) 20 मीटर दिसेल अशा सपाट जागी नेहमीच्या वेगानं चालत शिसं टेकेपर्यंत दोर सोडायचा आणि फेऱ्या लिहून ठेवायच्या. खिंडसीत एवढी खोली मिळाली नाही तरी असेल त्या खोलीवर हेच कर. फक्त बुडालेल्या झाडोऱ्यापासून लांब राहा, शिसं आणि फ्लॅशर दोन्ही गमवून बसशील.

कोहो पहाटे वरच्या 5 ते 10 मीटरांत असतो, ऊन चढलं की 15 ते 30 मीटरांत उतरतो. म्हणून अंधुक उजेडात 45 अंशांवर 12 मीटर दोर पुरतो. तासाभरानं काही लागलं नाही तर जागा बदलायच्या आधी खोली बदल.

दोन वल्ही

कोनाचा हिशोब बरोबर आहे, पण ही मांडणी कयाकवर चालणार नाही. मोठ्या बोटीची आहे ती.

मासा लागला की दोर गुंडाळत आणतोस, आणि शिसं रॉडच्या टोकाला येऊन अडतं. पुढे दोर गुंडाळला जात नाही. तुझ्या मांडणीत शिशापासून मासा किती लांब? 6 फूट, अधिक फ्लॅशरचे 11 इंच, अधिक 3 फूट. जवळजवळ 10 फूट. रॉड 8 फुटी, त्यातली फूटभर मूठ हातात. बसल्या जागी रॉड कितीही मागे नेलास तरी मासा जाळीच्या टप्प्यात येत नाही. मग माणूस हातानं लीडर धरतो, बाजूला झुकतो, आणि तिथं एक तर मासा सुटतो नाहीतर कयाक उलटते.

शिसं ते फ्लॅशर 1 मीटर, फ्लॅशर 8 इंची म्हणजे 20 सेंटीमीटर, लीडर 75 ते 80 सेंटीमीटर. एकूण 2 मीटरच्या आत. 11 इंची फ्लॅशर गोल फिरायला लागला की 6 औंसांचं शिसं वर उचलतो आणि पायांवर सतत ओझं राहतं. 8 इंची त्याच शिशाखाली नीट बसतो.

हूचीला स्वतःची हालचाल नसते, फ्लॅशरचा झटका लीडरमधून तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून लीडर कडक हवा, 40 पौंडी. मऊ 15 पौंडी लावलास तर हूची मेल्यासारखी मागून ओढली जाईल. स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) लावलास तर उलट: तो स्वतः डुलतो, त्याला 20 ते 25 पौंडी आणि जरा लांब लीडर, पण एकूण 2 मीटरची मर्यादा तशीच. शिशाच्या मागे मण्यांच्या साखळीचा स्विव्हल (फिरती कडी) टाक, नाहीतर तासाभरात दोराला पीळ बसतो.

वेग: कोहोला ताशी 4 ते 5 किलोमीटर. मात्र जीपीएस सांगतो तो जमिनीवरचा वेग, फ्लॅशरला कळतो तो पाण्यातला. भरती-ओहोटीचा ओघ 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर धर. ओघाबरोबर जाताना घड्याळावर 4.5 दिसत असतील तर पाण्यात तू फक्त 2.65 नं चाललास, फ्लॅशर लोळतोय. ओघाविरुद्ध तेच 4.5 म्हणजे पाण्यात 6.35, आणि आमिष वर आलं. म्हणून रॉडच्या टोकाकडे बघ. फ्लॅशर नीट फिरत असला की टोक ठरावीक लयीत ठोके देतं. ठोके थांबले तर वेग कमी झालाय किंवा फ्लॅशरला शेवाळ अडकलंय. सलग, घाईचे ठोके म्हणजे वेग जास्त.

सरळ रेषेत जाऊ नकोस. नागमोडी गेलास की वळणावर आमिष आधी खाली बसतं आणि मग उसळतं. कोहो बरेचदा तिथंच घेतो.

वर्धारोडकर

10 फुटांचा हिशोब ध्यानातच आला नव्हता, बरं झालं. 8 इंची फ्लॅशर घेतो. पिंक सॅल्मनसाठी वेगळी हूची न्यावी का? रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोर सुटावा तो ताण) किती ठेवू? आणि थंड पाण्याचं राहिलंच.

दोन वल्ही

प्युजेट साउंडात पिंकची मोठी धाड विषम वर्षांत येते. 2025 मध्ये आली, पुढची 2027. 2026 मध्ये कोहोवरच लक्ष दे.

ड्रॅग दोराच्या ताकदीवर बेतू नकोस, गळ बिनकाट्याचा (टोकाजवळचा उलटा दाता नसलेला) आणि कोहोचं तोंड नरम. दीड किलोच्या आसपास ठेव. बॅग तोलायचा लगेज काटा दोराला अडकवून ओढ, घरबसल्या जमतं. मासा लागल्यावर पेडल लगेच थांबवायचं नाही, दोन-चार फेऱ्या मार. कोहो अंगावर धावून येतो, आणि बिनकाट्याच्या गळावर दोर क्षणभर सैल पडला तरी संपलं.

काठावरची

थंड पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं चुकलं तर मासा जातो, हे चुकलं तर माणूस जातो.

सप्टेंबरात तिथलं पाणी 12-13 अंशांच्या आसपास असतं. तलावाच्या कोमट पाण्यात पडणं आणि त्यात पडणं ही एकच गोष्ट नव्हे. 1-10-1 पाठ करा: पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे, आणि अंगातली उष्णता जाऊन शुद्ध हरपायला सुमारे 1 तास. बुडणारे बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांतच बुडतात, गारठून नव्हे. म्हणून लाईफ जॅकेट अंगात हवं, सीटमागे बांधलेलं नाही. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) भाड्यानं घ्या. त्याच्या आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, सुती अजिबात नको. मानेचं आणि मनगटांचं सील नीट बसवा आणि पाण्यात उतरण्याआधी उकिडवं बसून सूटमधली हवा काढा.

गारठा नागपुरात शिकता येणार नाही, पण परत चढणं येतं, आणि त्या 10 मिनिटांत तेच लागतं. खिंडसीवर बोटिंगवाल्यांना विचारून, काठावर माणूस ठेवून हा सराव करा. कयाक पूर्ण उलटी करा. तिच्या तळावरून पलीकडची कड पकडून मागे रेलून सुलटी करा. मग पाय पाण्याच्या वर लाथाडत पोटावर आडवे चढा, कूस बदलून बूड सीटवर आणा, शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय, याच क्रमानं. आधी गुडघा टाकायला गेलात की कयाक पुन्हा अंगावर येते. लाईफ जॅकेट घालून, रॉड होल्डर लावलेले ठेवून, सलग दहा वेळा. दहाव्यांदा दमलेल्या हातांनी जमलं तर जमलं. रॉड, जाळी, पेडल, सगळ्याला दोरी बांधलेली हवी, मात्र ती पायात गुंतेल एवढी लांब नको.

सरावात गळ टाकणार असाल तर आधी विचारा. तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. नुसतं शिसं ओढून कोन मोजायचा असेल तरी सांगून ठेवलेलं बरं. तोतलाडोहचा विचारही नको, तो पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो.

तिकडे ओघ आणि वारा समोरासमोर आले की सपाट पाण्यावर अर्ध्या तासात उभ्या लाटा तयार होतात. वारा 10 नॉटच्या वर असेल तर निघू नका. सकाळचं धुकं असेल तर काठ दिसेपर्यंत थांबा. सिएटलच्या लिंकन पार्कसारख्या जागी शेजारीच फॉन्टलरॉयचा फेरी धक्का आहे. फेरीच्या वाटेत रेंगाळायचं नाही, आणि तिच्या लाटा आल्या की कयाकचं नाक त्यांच्याकडे. व्हीएचएफ रेडिओ लाईफ जॅकेटलाच अडकवा, चॅनल 16. तिथल्या रहिवासी ऑर्का (किलर व्हेल) दिसल्या तर 2025 पासूनच्या वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानं 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर लांब राहायचं.

खोलपाणी

नियमांचं मी पुरं करतो. खाऱ्या पाण्याचा परवाना आणि सोबत कॅच रेकॉर्ड कार्ड घे. ठेवलेला मासा त्याच वेळी कार्डावर नोंदवायचा, किनाऱ्यावर येऊन नाही. सॅल्मनसाठी एकटोकी, बिनकाट्याचे गळ. काटा पक्कडीनं दाबून गळ सुती फडक्यातून ओढ. धागा अडकला तर अजून दाब. नियम हंगामाच्या मध्यातही बदलतात आणि प्रत्येक मरीन एरियाचे (समुद्राच्या ठरवून दिलेल्या विभागाचे) वेगळे असतात, म्हणून निघायच्या सकाळी फिश वॉशिंग्टन ॲपवर आपला एरिया बघ.

ओळख पाण्यातच करायची, कारण जो ठेवता येत नाही तो कयाकवर उचलताच येत नाही. चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅल्मनच्या खालच्या हिरड्या काळ्या, शेपटीच्या दोन्ही भागांवर ठिपके. कोहोच्या हिरड्या पांढरट, ठिपके असलेच तर शेपटीच्या वरच्या भागावर. मग पाठीवर, शेपटीच्या अलीकडचा छोटा मांसल पर बघ. तो कापलेला आणि जखम भरलेली असेल तर मासा हॅचरीचा (मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला), शाबूत असेल तर रानटी धर. कुठं फक्त हॅचरीचे ठेवायचे ते एरियाप्रमाणे ठरतं. जाळी रबराची किंवा बिनगाठीची.

वर्धारोडकर

शेवटचं एक: मासा ठेवला तर दिवसभर टिकवायचा कसा? दोरीला बांधून पाण्यात सोडू का?

दोन वल्ही

नको, सील (समुद्रातले मासेखाऊ प्राणी) येऊन ओरबाडून नेतात, आणि शेजारी सील असताना कयाकही डगमगते. डोक्यावर एक ठोका, लगेच कल्ल्यांखालची शीर कापून रक्त वाहू द्यायचं, पाचेक मिनिटं. मग आतडी काढून बर्फ भरलेल्या इन्सुलेटेड पिशवीत, बर्फ पोटातही. पिशवी सीटमागे, मधोमध बांधायची. एका कडेला 3-4 किलोंचा मासा आणि बर्फ आला की कयाक दिवसभर त्या बाजूला झुकते आणि सरळ चालवायला पाय दुखून येतात.

काठावरची

आणि रावसाच्या अंदाजानं शिजवू नका. आपल्याकडे हॉटेलांत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण तो वेगळ्याच कुळातला मासा. कोहोचं मांस तव्यावर लवकर कोरडं पडतं, आच मंद ठेवा.