कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एसबीआर मारू, इंजिनिअर म्हणतो आधी टेस्ट करू, कोणाचं ऐकू?

खारे_वारे

नमस्कार मंडळी. घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. बाबांनी १९९४ ला बांधलं, चिऱ्याच्या भिंती आणि वर आरसीसी स्लॅब, तेव्हा गावात स्लॅबचं घर म्हणजे केवढं कौतुक. गेल्या पावसात माजघरातल्या छताचा ताटाएवढा पोपडा खाली पडला, नशीब की तेव्हा खाली कोणी नव्हतं, आई रोज दुपारी तिथेच आडवी होते. वर बघितलं तर सळई उघडी, नखाने खरवडली तरी पापुद्रे सुटतात, आणि आजूबाजूला हातोडीने टकटक केलं की दोन-तीन ठिकाणी भांड्यासारखा पोकळ आवाज.

दोघं येऊन बघून गेले. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काय नाय हो, पोकळ तेवढं तोडतो, एसबीआर मारतो, माल भरतो, आठ दिवसांचं काम. इंजिनिअरने कागदावर टेस्टची यादी लिहून दिलीय, कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासणं), हाफ सेल, आरसीपीटी, कार्बोनेशन, क्लोराइड, आणि त्याचा जो आकडा सांगितला त्यात अर्धी दुरुस्ती होईल. आता मला कळत नाहीये की हे टेस्टचं प्रकरण म्हणजे ताप आला म्हणून एमआरआय काढायला सांगण्यातला प्रकार आहे का खरंच गरज आहे. दुसरं म्हणजे हे एसबीआर नेमकं असतं काय? पांढरं दुधासारखं दिसतं, डब्यावर रबर लॅटेक्स लिहिलेलं. दोडामार्गला आमच्या एका पाहुण्यांची रबराची बाग आहे, ते म्हणतात विकतचं कशाला, आमच्या झाडाचा चीक ने की बादलीभर.

नळेवाला

रे, आमच्या आज्याचा घर मातयेचा नि वर नळे. दरवर्षी परतूचे लागतत पण डोक्यार काय पडाक नाय. स्लॅब घालूक कोणी सांगलेलो? 😄 चेष्टा करतंय, रागाव नको. रबरकाकांका विचार, ते त्याच धंद्यात होते.

रबरकाका

हाक मारलीत म्हणून आलो. ३१ वर्षं रबर केमिकल्समध्ये काढली, त्यातली बरीचशी रिअॅक्टरच्या बाजूला उभं राहून, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं पाहुण्यांच्या चिकाचं. नको. झाडाचा चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक कण, त्यांच्याभोवती प्रथिनांचं वेष्टण असतं म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. बागेत काय करतात, त्यात फॉर्मिक अॅसिड टाकतात की दह्यासारखं घट्ट होतं आणि मग लाटून शीट वाळत घालतात. सिमेंटात कॅल्शियम सुटं होत असतं, तेही हेच काम करतं, तुमचा चीक घमेल्यातच फाटेल आणि मालात गोळे होतील. गंमत अशी की सिमेंटात रबर घालायची आयडिया सुरू झाली ती झाडाच्या चिकावरूनच, १९२३-२४ च्या सुमारास क्रेसन आणि लेफेब्यूर या दोघांनी ब्रिटनमध्ये त्याची पेटंट घेतलेली आहेत. पण त्यासाठी चिकाला आधी स्टॅबिलायझर घालून सिमेंटाशी जमवून घ्यावं लागतं, बादलीतून आणला आणि ओतला असं नाही चालत.

आता एसबीआर. स्टायरीन आणि ब्युटाडाइन ही दोन रसायनं साबणाच्या पाण्यात ढवळत एकमेकांना जोडायची, तयार होतं ते दूधच. जर्मनीत १९२९ च्या सुमारास बॉक आणि चुंकूर यांनी हे केलं, नाव पडलं बुना एस. बु म्हणजे ब्युटाडाइन, ना म्हणजे नेट्रियम, अर्थात सोडियम, आणि मजा बघा की बुना एस बनवताना सोडियम लागतच नाही, ते नाव आधीच्या रबराचं तसंच चिकटून राहिलं. १९४२ ला जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेचं झाडाचं रबर जवळजवळ बंद झालं, तेव्हा त्यांनी सरकारी पैशाने हेच रबर तीन-चार वर्षांत लाखो टनांवर नेलं. युद्ध संपल्यावर एवढ्या दुधाचं करायचं काय? मग ते रंगात गेलं, कागदावर गेलं, गालिच्याच्या पाठीला लागलं आणि सिमेंटात आलं. आपल्याकडे बरेलीला १९६३ मध्ये एसबीआरचा कारखाना निघाला, तिथे ब्युटाडाइन करायचे अल्कोहोलपासून, आणि अल्कोहोल उसाच्या मळीचं. म्हणजे टायरच्या मागे ऊस होता, सांगून कोणाला खरं वाटत नाही.

टायरचं एसबीआर आणि डब्यातलं एसबीआर मात्र एक नव्हे. टायरमध्ये स्टायरीन साधारण चौथा हिस्सा असतं, सिमेंटसाठीच्या दुधात निम्म्याहून जास्त, त्यामुळे वाळल्यावर तो पडदा कडक पण चिवट होतो. आणि त्यात फेस मारणारं औषध लागतं, नाहीतर त्या साबणामुळे मालात हवेचे बुडबुडे भरतात आणि ताकद जाते. कोणी स्वस्तात सुटं दूध देत असेल तर हे विचारा.

ते काम कसं करतं तेवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावर आहे. कण असतात एक-दोन दशांश मायक्रॉनचे. सिमेंट पाणी पितं, थोडं पाणी उडून जातं, कण जवळ जवळ येतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून सिमेंटाच्या छिद्रांतून जाळीसारखा पडदा धरतात. पाणी गेल्याशिवाय पडदा नाही.

साइटवरचा_पक्या

काका म्हणतायत ते बरोबर असेल पण आम्ही बारा वर्षं एसबीआर वापरतोय आणि सात दिवस दणकून पाणी मारतो, काय होत नाय. सिमेंट आहे, पाणी नको का त्याला?

@खारे_वारे, तुमचा कॉन्ट्रॅक्टर एसबीआर "मारतो" म्हणाला ना, मग बघत उभे राहा. बहुतेक ठिकाणी होतं काय, सकाळी गवंडी ब्रशने सळईवर आणि तोडलेल्या जागेवर स्लरी फासतो, मग चहा, मग माल कालवायला माणूस नाही, मग जेवण, आणि दुपारी त्या वाळलेल्या स्लरीवर माल लावतात. वाळलेलं एसबीआर म्हणजे पॉलिथिनचा कागद मध्ये घातल्यासारखं आहे. चिकटायला घातलं तेच सुटायला कारण होतं. बोट लावलं की चिकचिकीत लागतंय तोवरच माल बसला पाहिजे, वाळली तर खरवडून परत. आणि नुसतं दूध फासायचं नाही, त्यात सिमेंट पाहिजे.

अजून एक, सळईच्या मागे बोट जाईल एवढं तोडायला लावा. अर्धी सळई जुन्या मालात आणि अर्धी नव्यात ठेवली की दोन वर्षांत परत बोंब. डब्यावर पीव्हीए (हे दुसऱ्या प्रकारचं चिकटवायचं दूध) असं काही लिहिलं असेल तर तो डबा गच्चीच्या किंवा ओलीच्या कामाला नको, सिमेंटातल्या ओलीने ते परत विरघळायला लागतं.

रबरकाका

पक्याशेठ, सात दिवसांचं ऐकून बरं वाटलं नाही. साध्या मालाला सात काय दहा दिवस मारा. एसबीआरच्या मालाला पहिले एक-दोन दिवस ओलं गोणपाट आणि मग हवेवर सोडायचं. सतत भिजत ठेवलंत तर कण जवळ येणारच नाहीत, म्हणजे दुधाचे पैसे गेले आणि साधा माल मिळाला. "काय होत नाय" म्हणता ते यासाठीच की साधा मालही चार वर्षं टिकतो, फरक नंतर कळतो.

लॅबताई

मी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये आहे, त्यामुळे टेस्ट करा म्हणणारच असं वाटेल, पण उलटं सांगते. त्या यादीतली आरसीपीटी तुम्ही खोडा.

आरसीपीटी, म्हणजे रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी टेस्ट, १९८१ ला अमेरिकेत व्हाइटिंग नावाच्या संशोधकाने पुलांच्या कामासाठी काढली. काँक्रीटची ५० एमएम जाडीची चकती, एका बाजूला तीन टक्के मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइड, ६० व्होल्ट सहा तास लावायचे आणि किती वीज पार झाली ते कूलंबमध्ये मोजायचं. ४००० च्या वर म्हणजे चाळणी, १००० च्या खाली म्हणजे चांगलं घट्ट. नव्या पुलाचं मिक्स पास करायला ठीक आहे. पण ती सांगते मीठ किती सहज आत जाईल, आणि तुमच्या घरात प्रश्न आहे मीठ किती गेलंय. तीस वर्षांनी दार किती घट्ट लागतं ते बघून काय करणार, चोर घरात जेवायला बसलाय. शिवाय ती मीठ मोजतच नाही, वीज मोजते, त्यामुळे काँक्रीटमध्ये एखादं विजेला वाट देणारं अॅडमिक्चर (कालवताना घातलेलं रसायन) असेल तर आकडा फसवतो.

तुम्हाला पाहिजे ते दोन प्रश्नांचं उत्तर. सळई गंजते दोन कारणांनी. सिमेंटाचा पीएच (क्षारपणाचा आकडा) साडेबारा-तेरा असतो, त्यात सळईवर एक पातळ संरक्षक थर राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत चुन्याची चुनखडी करतो आणि पीएच उतरतो, हे झालं कार्बोनेशन. किंवा पीएच चांगला असतानाच मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं, आणि क्लोराइडची कटकट ही की ते गंजात संपत नाही, तिथेच राहून परत परत काम करतं. गंज झाला की मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, तुमचा पोपडा पडला तो असाच, आतून ढकलला गेला.

पहिली टेस्ट घरीच करा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते फिनॉल्फ्थलीन, स्पिरिटमध्ये एक टक्का. छिन्नीने ताजा तुकडा उडवा, धूळ फुंकून टाका, जुन्या तुटलेल्या भागावर मारू नका, आणि स्प्रे करा. गुलाबी झालं तिथे पीएच शाबूत, रंग आला नाही तिथे कार्बोनेशन. पट्टीने मोजा आणि सळई किती खोल आहे तेही मोजा. मग इथे लिहा.

खारे_वारे

लॅबताई, करून बघितलं. भाच्याच्या शाळेतून ओळखीने थोडं मिळालं. स्टुलावर चढून बीमचा कोपरा उडवला, स्प्रे मारला आणि आई खालून ओरडली की अगो बाई रक्तासारखं काय ते 😅 बाहेरचे ९-१० एमएम पांढरेच राहिले, त्याच्या आत भडक गुलाबी. सळई आहे २० एमएमवर. म्हणजे सळईभोवती सगळं गुलाबी. पण सळई गंजलेली! मग माझंच काहीतरी चुकलं का?

लॅबताई

काही चुकलं नाही, उलट फार छान उत्तर आलं. कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलेलंच नाही आणि तरी गंज आहे, म्हणजे काम मिठाचं. आता क्लोराइडची टेस्ट करा, पण एक नमुना नको. ड्रिलने भुकटी काढायची, ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-५० अशी खोलीप्रमाणे वेगळ्या पुड्यांत, दोन-तीन ठिकाणांहून. वाऱ्याने आलेलं मीठ असेल तर बाहेर जास्त आणि आत उतरत जातं. सगळीकडे सारखंच निघालं तर ते बांधतानाच आत गेलंय. हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका, कारण दोन्हीची दुरुस्ती वेगळी.

हाफ सेल जमलं तर करून घ्या. तांबं आणि मोरचूदाचा इलेक्ट्रोड स्लॅबवर फिरवत मिलिव्होल्ट घ्यायचे. उणे ३५० च्याही खाली गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. पोपडा न पडलेल्या जागाही कळतात.

नळेवाला

रेती खंयची होती ता बापाशीक विचार.

खारे_वारे

नळेवाल्याने नेमकं बोट ठेवलं. रिपोर्ट परवा आला, चारही पुड्यांत क्लोराइड जवळजवळ सारखं, घनमीटरला दीड किलोच्या आसपास, आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) नव्या आरसीसीला ०.६ पर्यंतच चालतं म्हणे. बाबांना विचारलं वाळू कुठली? ते म्हणाले कुठली म्हणजे, खाडीची, होडीने यायची, सगळेच तीच वापरायचे. धुतली होती का? तर हसले.

मग आता एसबीआरचा काही उपयोग आहे का नाही?

लॅबताई

पॅचपुरता आहे, घराला औषध म्हणून नाही. आणि पॅचची एक वाईट खोड आहे. आता जिथे गंज चालू आहे ती जागा स्वतः खात खात शेजारच्या सळईला वाचवते आहे. तुम्ही ती जागा स्वच्छ करून नवा माल भरलात की शेजारचं ते संरक्षण जातं, आणि तिथे मीठ आहेच, मग दोन-तीन वर्षांत पॅचच्या कडेकडेने नवे पोपडे. लोक म्हणतात काम खराब केलं, खरं तर काम चांगलं केलं म्हणूनच तसं होतं. यावर पॅचच्या कडेला सळईला जस्ताचे अॅनोड बांधतात, सळईऐवजी जस्त झिजतं. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० ला झाला आणि १९८६ च्या जुलैत पडला, आतल्या ताणाच्या तारा गंजल्या होत्या. घराचा स्लॅब तसा एकदम जाईल असं नाही, पण माजघरात सळईचा व्यास किती उरलाय ते इंजिनिअरकडून मोजून घ्या. फार गेला असेल तर पॅचच्या भानगडीत न पडता तेवढा स्लॅब काढलेला स्वस्त पडेल.

खारे_वारे

मोजला. १० ची सळई काही ठिकाणी ७ वर आली आहे. इंजिनिअरही म्हणाला माजघराचा काढा, बाकी दोन खोल्यांना पॅच आणि जस्त. आरसीपीटी खोडली तेव्हा त्याने जरा तोंड वाकडं केलं पण क्लोराइडचा रिपोर्ट दाखवल्यावर गप्प. आईची खाट पडवीत हलवली आहे. काका, पॅचला दोन दिवस गोणपाट आणि मग हवा, बरोबर ना? कॉन्ट्रॅक्टर अजून सात दिवसांवरच अडलाय.

रबरकाका

बरोबर. डब्यामागे लिहिलेलं असतं, त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. आणि पावसाची सर असेल त्या दिवशी लावू नका.

साइटवरचा_पक्या

मी मागच्या साइटवर यावेळी अर्ध्या पॅचला सात दिवस पाणी आणि अर्ध्याला काकांची पद्धत केली आहे, बघू. खारे_वारे, स्लॅब काढताना खाली टेकू नीट द्या, आणि नव्या स्लॅबला कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर उचलून धरणारे ठोकळे) विकतचे घ्या, खडीचे तुकडे नकोत. सेंट्रिंगवाला पाहिजे असेल तर सांगा, दिवाळीनंतर माझी माणसं सावंतवाडीलाच आहेत.