मामा तलाव लिलावात काढा म्हणणाऱ्यांना

बांधीवाला

काल इथे एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी लिहिलं की मामा तलाव, म्हणजे आमच्याकडचे जुने माजी मालगुजारी तलाव, गावाच्या भरवशावर सोडले म्हणून बुजले. आता त्यांचा खुला लिलाव करा, मोठी बोली लावेल त्याने मासळी काढावी, आणि आलेल्या पैशातून पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, सिमेंटचं पिचिंग करून वर फिरायला रस्ता करा. वाचून रात्री झोप लागली नाही.

साहेब, गावाच्या भरवशावर सोडले कधी? 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून साडेसहा हजारांहून जास्त तलाव. शंभर हेक्टरच्या आतलं सिंचन असलेले जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारेकडे. त्याआधी वैशाखात ज्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी, त्याच्या घरचा एक माणूस पाळीवर माती टाकायला जायचाच. पाणी वाटणारा माणूस गावाने ठेवलेला, त्याला खळ्यावर धान मिळायचं. हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलंय. तलाव सरकारचा झाल्यावर तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, गळायला लागलं तर लोक म्हणू लागले, सरकार बघेल. आमच्या तुडूमाचं लाकूड कुजलं तेव्हा तीन वर्षं अर्ज केले. चौथ्या वर्षी आम्ही पोत्यात माती भरून ते बुजवलं. त्या साली खालच्या बांध्यांना शेवटचं पाणी मिळालं नाही, लोंब्या पोचट राहिल्या. गावाचा हक्क काढून घेतला, म्हणून गावाचा हात निघाला. हा क्रम उलटा सांगू नका.

निवृत्त अभियंता

तीस वर्षं याच खात्यात काढली, क्रम मलाही ठाऊक आहे. पण अर्धंच सांगितलंत. सांडव्याचे दगड रात्री कोण काढतं? बुडीत जमिनीवर गाळपेर करणारे. पाणी लवकर उतरलं की त्यांना पेरता येतं. तुडूम कधी उघडायचं यावरून धानवाले आणि मासळीवाले भांडतात, तेव्हा रात्री अकराला फोन आम्हालाच येतो. निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या जुन्या हक्कांच्या नोंदीत, नाव आहे म्हणून पाणीपट्टी द्यायची नाही, आणि दुरुस्ती मात्र सरकारने करायची. पैसा आणायचा कुठून? लिलाव शब्द बोचला असेल, पण हिशेब सांगा.

डोंग्यावरची

मी ढिवराची, मासेमारी करणाऱ्याची पोरगी. आमच्या मासेमारी सोसायटीत बायका आता कुठे सभासद झाल्या. दोघांनाही विचारते, लिलाव झाला तर बोली आम्ही लावू शकू का? बाहेरचा ठेकेदार येईल, रोहू-कटल्याचं बीज टाकेल, दोन वर्षांत ओढून नेईल. दाडक, मरळ, शिंगी ही इथली मूळची मासळी त्याच्या हिशेबात कुठेच नाही, आमच्या चुलीवर मात्र तीच असते.

आणि बांधीवाले भाऊ, तुमचं आजोबांचं ऐकलं. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन दिली, कोहळी समाजाने तलाव बांधले, नवेगाव बांध कोलू पाटलाचा, हे आम्हीही शाळेत शिकलो. डोक्यावर माती कोणी वाहिली ते कुणी शिकवलं नाही. पाळीवर माती टाकायला ‘घरचा माणूस’ जायचा म्हणता, बऱ्याच घरचा माणूस म्हणजे त्या घरचा गडी असायचा. माझे आजोबा तसेच गेले. हक्क गावाचा होता म्हणता, आमचा किती होता?

बांधीवाला

ताई, हे मला सोयीचं नाही, पण खोटं म्हणता येणार नाही. आमच्या घरी दोन गडी होते. माती त्यांनीच टाकली असेल.

गाळवाला

मूळ मुद्दा गाळाचा आहे आणि तो कुणीच काढत नाही. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे. मी माझ्या दीड एकरात चाळीस ट्रॉल्या टाकल्या, दोन वर्षं युरिया कमी लागला. जेसीबी लावा, तलाव चांगला दहा फूट खोल करा, पाणी आपोआप थांबेल. समित्या-सोसायट्या नंतर करा.

डोंग्यावरची

दहा फूट खोल करा म्हणजे संपलं. आमच्या तलावावर तेच झालं. मशीनवाल्याने काठापासून उभी कापणी केली. पूर्वी काठ ताटासारखा उथळ होता, पावसात पाणी हळूहळू वर चढायचं, तिथे देवधान आणि पोवन या पाणवनस्पती असायच्या. मासळी अंडी घालायला त्याच उथळ पाण्यात येते. आता काठावरून पाय घसरला की थेट गळ्यापर्यंत पाणी. म्हैस उतरत नाही, बगळा उभा राहत नाही.

गाळवाला

मासळीसाठी आम्ही शेती सोडायची का? माझ्या बांधीला पाणी लागतं.

बांधीवाला

तुमच्या बांधीलाही ते पाणी येत नाही हो! तुडूमाचा उंबरा जिथे आहे, त्याच्या वरचं पाणीच पाटात उतरतं. उंबऱ्याच्या खाली दहा फूट खणलं तर ते पाणी तळात बसून राहील. मोटर लावाल तेव्हाच शेतात येईल, आणि मोटर त्याचीच ज्याची बांधी पाळीला लागून. पाटाच्या शेपटाकडच्याला काय?

गाळवाला

शेपटाकडच्याला तसंही काय मिळतं? पाट फोडून वरचेच घेतात. माझी बांधी शेपटालाच आहे, मला शिकवू नका. पाणी येत नाही म्हणूनच गाळावर जगतो.

सारसप्रेमी शिक्षिका

गोंदियात सारसाच्या अभ्यासासाठी दरवर्षी येते. महाराष्ट्रातले सारस मुख्यतः याच पट्ट्यात उरलेत, तेही बोटांवर मोजण्याइतके. त्याला उथळ पाणी आणि धानाची बांधी दोन्ही लागतात, घरटं तो तिथेच गवताच्या ढिगावर करतो. पिचिंग आणि फिरायचा रस्ता म्हणजे त्याची हकालपट्टी. नागपुरात राहते म्हणून आणखी सांगते, 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आमच्या ओळखीच्यांच्या घरात पाणी शिरलं. तलावाकाठी सौंदर्य आणताना पाणी कुठून जाणार याचा आधी विचार करा.

निवृत्त अभियंता

अंबाझरी शहरातला, मामा तलाव गावातला, दोन्हीची मोट बांधू नका. आणि मॅडम, पक्ष्यासाठी रस्ता नको म्हणणं सोपं आहे. पावसाळ्यात पाळीवरून शाळेत जाणाऱ्या मुलांचे पाय चिखलात रुततात. ती पोरं मी पाहिलीत.

सारसप्रेमी शिक्षिका

मुलांसाठी मुरमाची पायवाट करा, मी स्वतः वर्गणी देते. तिला सिमेंट कशाला?

डोंग्यावरची

रस्त्यावरून भांडा हवं तेवढं, मी बेशरमाचं, त्या माजलेल्या झुडपाचं, सांगते. आमच्या तलावाचा अर्धा काठ बेशरमाने खाल्ला होता. कापून चालत नाही, एक कांडी चिखलात राहिली तरी फुटते. आम्ही सोळा बायका उन्हाळ्यात, पाणी उतरलं तेव्हा, मुळासकट उपटत होतो. चीक अंगाला लागून खाज सुटायची. उपटलेलं पाळीवर वाळवून जाळलं. मग नांगरून दुसऱ्या तलावातून देवधान, पोवन आणून लावलं. दुसऱ्या वर्षी जाळ्यात दाडक दिसली. सासू म्हणाली, दहा वर्षांनी पाहते. हे एकाही ठेकेदाराने केलं नसतं, कारण त्याच्या ठेक्याची मुदत संपली की तो निघून जातो. आम्ही तिथेच राहतो.

सोळा बायकांची मजुरी कुणी दिली नाही. तलाव आमचा आहे असा कागद कुठेच नाही, लीजचा कागद तेवढा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या मासळीवर सामूहिक हक्क लिहिलाय. आम्ही दावा टाकलाय, फाइल फिरते आहे.

निवृत्त अभियंता

उंबऱ्याखाली खणण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्याच काळात अशी अंदाजपत्रकं मंजूर झाली, खोली वाढली की साठा वाढतो एवढंच वर दाखवायचं होतं. ताईंच्या सोळा जणींना मजुरी मिळायला हवी होती, हेही मान्य. लिलावाबद्दल माझं मत बदललेलं नाही. दुरुस्तीचा पैसा कुठून येईल ते अजून कुणी सांगितलं नाही.

बांधीवाला

मी सांगतो. पाणी घेणाऱ्याने एकरी धान द्यावं, मासळीवाल्याने मासळीतून द्यावं, गाळपेरवाल्यानेही द्यावं, आणि ते खातं जिल्ह्याला नको, गावातच. तुडूम कधी उघडायचं ते तिघांनी बसून ठरवावं.

डोंग्यावरची

त्या बैठकीत ढिवर खुर्चीवर बसणार असतील तर मी येते. खाली बसवणार असाल तर आमची सोसायटी वेगळं खातं काढेल.

गाळवाला

शेपटाकडचा एक माणूसही धरा. नाहीतर मी धान देणार नाही.

बांधीवाला

धरला. ताई, खुर्च्या मी आमच्या घरून आणतो.