घरातलं जड पाणी: तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

या घरात येऊन ८ महिने झाले. पाणी बोअरचं. काचेचे पेले वाळले की पांढुरके डाग, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, आणि गेल्या आठवड्यात गिझरची कॉइल जळाली. बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर खर बसलेली! टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर ६५० दाखवतो. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी काय केलं, काय फुकट गेलं, सविस्तर लिहा. मला खरंच गरज आहे.

*

सगळ्यात आधी तो टीडीएसचा आकडा बाजूला ठेवा. मी त्याच आकड्यावर वर्ष घालवलं. पाण्यात साधं मीठ विरघळलं तरी टीडीएस वाढतो, पण त्याने खर धरत नाही. जडपणा येतो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, आणि तो वेगळा मोजावा लागतो. थेंबांचं किट मिळतं: पाणी आधी लालसर होतं, मग निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी खूप जड समजतात. आमचं ४२० निघालं.

*

गिझरबद्दल. पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते थेट कॉइलवर बसतं. जितकं जास्त तापवाल तितकी खर जास्त. आम्ही थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणला आणि वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घेतो. तेव्हापासून कॉइल बदललेली नाही.

*

शॉवरला प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून रबराने बांधा, रात्रभर राहू द्या. सकाळी जुन्या ब्रशने घासलं की भोकं मोकळी. पण माझी चूक तुम्ही करू नका. तेच व्हिनेगर मी संगमरवरी कट्ट्यावरचे डाग काढायला वापरलं. डाग गेले, त्यांच्याबरोबर चकाकीही गेली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, आम्लाला खर कुठली आणि दगड कुठला हे कसं कळणार? अजून त्या जागेवर हात गेला की वाईट वाटतं. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

*

तुरटी फिरवून बघितली. गढूळपणा बसतो, जडपणा तसाच राहतो.

*

आमच्याकडे ५ वर्षांपासून सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र आहे. टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करायचे. इथेच लोक चुकतात, आम्हीही चुकलो. मीठ संपलेलं कळलंच नाही, दोन महिने जड पाणीच येत होतं आणि आम्ही यंत्राला दोष देत बसलो. आता दर पंधरवड्याला झाकण उघडून बघतो.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. म्हणजे आमच्या ३०० जडपणाच्या पाण्यात लिटरला १३८ वाढलं. आईला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेलं, म्हणून पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घेतला. यंत्र बसवतानाच हे सांगा, नंतर भिंत फोडावी लागते.

*

कपडे राठ व्हायचे, पांढऱ्यांवर करडी झाक यायची. साबण कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा साका बनवतो, तोच कपड्याला धरतो. वडी सोडून डिटर्जंट पावडर घेतली आणि जोडीला थोडा धुण्याचा सोडा घालायला लागले. फरक दोन-तीन धुण्यांतच दिसला. केसांसाठी मात्र मला उपाय सापडलेला नाही, कुणाला सापडला असेल तर सांगा.

*

धागा काढणारी मीच. किट आणलं, जडपणा ३८० आला. सध्या थर्मोस्टॅट खाली आणलाय, शॉवर मोकळा झालाय. सॉफ्टनर घ्यायचं ठरतंय, पण स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळून, कारण सासऱ्यांनाही मीठ वर्ज्य आहे. प्लंबर रविवारी येतोय.